ओचामेच्या पाठीवर सॅक

समुद्राकाठचं घर, ४ फेब्रुवारी १९९७

क्वामेना,

पाकिटावर तुझं नाव आहे म्हणून हे पत्र तुला आहे असं समजू नकोस. बोल्गातांगाला तुझं ते स्वस्तातलं पाहुणेघर आहे आणि माझी मुलगी मान्सा हिंडत हिंडत आता तिथं पोचली आहे. तुझ्या गच्चीवर चटई टाकून झोपते आणि भाड्याच्या बदल्यात तुझी भांडी घासते, असं तुझ्या मामीकडून कळलं. तिच्याशी मी बोलत नाही. म्हणून मी तुला सांगणार आणि तू तिला सांगायचंस. भाचा आहेस, एवढं काम तुझ्या वाट्याला येणारच.

हसू नकोस. तुझ्या जन्माच्या आधीपासून मी नानांचा, आपल्या राजाचा, ओचामे आहे. गादीवर बसलेला राजा कुणाशी थेट बोलत नाही आणि राजाशीही कुणी थेट बोलत नाही. दोघांच्या मध्ये मी सोनेरी मुठीची काठी घेऊन उभा असतो. नाना सर्दीने खाकरले तरी मी त्याचं सभेला शोभेल असं वाक्य करतो. आज मलाच मध्ये माणूस लागला आणि तो तू निघालास, काय करणार.

तर तिच्या कानावर घाल: घरी ये.

आणखी हेही घाल, की त्या दिवशी मी जे केलं ते रीतीला धरून केलं. वडीलधारी मंडळी बसली होती. ती आली, वाकली आणि तिने वाट मागितली. इथवर सगळं ठीक. निघणाऱ्याने वाट मागावी आणि घरच्याने द्यावी, त्याशिवाय उंबरा ओलांडू नये, हे तिला मीच शिकवलंय. मी तिचा एग्या, तिचा बाप, म्हणून विचारलं, कारण काय?

“उत्तरेला जाते, एग्या. तिथून पुढे वागादुगूला.”

“ती ठिकाणं झाली. कारण विचारतोय. कोण गेलं?”

“कुणी नाही.”

“काही विकायचंय?”

“नाही. नुसतं बघायचंय.”

आता तूच सांग, हे काय उत्तर झालं? आपल्याकडे माणूस बाहेर पडतो तो मयताला, बाजाराला, नाहीतर दवाखान्याला. मी म्हणालो, “बकरी दावं तोडते तीसुद्धा पाल्यासाठी. माझ्या मुलीला तेवढंही कारण नाही. वाट मिळणार नाही.” म्हातारे मांड्यांवर थापा मारून हसले. माझं बोलणं ऐकून माणसं हसतात किंवा रडतात, मधलं काही होत नाही. ती हसली नाही आणि रडलीही नाही. सॅक पाठीवर टाकली आणि वाट न घेता गेली.

तिला सांग, पोस्टमास्तरने तिची खुर्ची अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. तिला हेही सांग, की गोऱ्या पोरापोरींना असं हिंडणं शोभतं, कारण त्यांना कुणी पाणी देऊन कारण विचारत नाही. ती कुणाकुणाच्या अंगणात उतरली असेल तिथं तिथं लोकांनी विचारलंच असेल. काय सांगत असेल ती? ओचामेची मुलगी, आणि तोंडात कारण नाही.

तुझी मामी तिची पोस्टकार्डं चुलीवरच्या फळीवर उभी करून ठेवते आणि मासळी घ्यायला आलेल्या बायकांना वाचून दाखवते. कंदांच्या गाडीवर टपावर बसले, चर्चच्या बाकावर झोपले, पानावरचा भात खाल्ला. बायका “आई गं” म्हणतात आणि आणखी वाच म्हणतात. मी आतल्या खोलीत असतो. मला काही ऐकू येत नाही.

तुझा मामा,
ओचामे बेंटसिल

कुमासी, ११ फेब्रुवारी

क्वामेना,

मी कुमासीला आलोय तो नानांच्या कामाने. काम गुप्त आहे, विचारू नकोस.

काठी घरी ठेवली आहे, कारण काम गुप्त आहे. पाठीवर सॅक आहे. ती तुझ्या मामीने आणली, जुन्या कपड्यांच्या बाजारातून. त्या कपड्यांना आपण मेलेल्या गोऱ्याचे कपडे म्हणतो हे तुला ठाऊक आहे, तेव्हा ही मेलेल्या गोऱ्याची सॅक समज. तिचा एक पट्टा तुटका होता. मामीने तो जाळ्याच्या दोरीने शिवला आणि स्वतःच्या हाताने माझ्या पाठीवर चढवला. वर म्हणाली, “जिथं पोरगी उतरली तिथंच उतरायचं. हॉटेलात गेलात असं कानावर आलं, तर ती सोनेरी काठी मी चुलीत घालीन.” नानांच्या कामाशी तिचा काय संबंध, हे मी तिला विचारलं नाही.

तर मी मिशनच्या पाहुणेघरात आहे. एका खोलीत खाटांवर खाटा. माझ्या वरच्या खाटेवर एक लांबलचक डच पोरगा झोपतो, त्याचे पाय माझ्या डोक्यावर लोंबतात. पहिल्या दिवशी सगळ्यांना मी इथला राखणदार वाटलो. एका पोरीने माझ्याकडे चावी मागितली. मी म्हटलं, बरं, राखणदार तर राखणदार, पण रीत सुटायला नको. माठातून पाणी आणलं, एकेकाला दिलं आणि विचारलं, “इथं सगळं शांत आहे. चालत आलात ते तुम्ही. काय कारणाने आलात?”

डच पोरगा म्हणाला, बघायला. त्याच्याबरोबरची म्हणाली, बघायला. कोपऱ्यातला एक जपानी होता, तोही तेच म्हणाला. जणू शाळेत एकाच मास्तरने पाठ करून घेतलंय. मी विचारलं, तुमच्या बापांनी वाट दिली का? डच पोरगा म्हणाला, “बाप विमानतळावर सोडायला आला होता. रडला.” मी त्याचा पेला पुन्हा भरला.

पोरं तशी वाईट नाहीत. चिकट मात्र पराकोटीची. मक्याच्या पिठाचा एक केंके तिघांत खातात. त्यांनी मला शिकवलं की सदरा झोपताना उशाखाली घडी करून ठेवायचा म्हणजे इस्त्री लागत नाही, आणि ट्रोट्रोच्या वडाप गाडीत इंजिनावरची जागा मागायची, चटके बसतात पण भाडं कमी घेतात. मी त्यांना भाव करायला शिकवलं. केजेशियाच्या बाजारात त्या पोरीने चपलांचा भाव केला तेव्हा मी मागे उभा राहून सांगत होतो, आता गप्प बस, आता वळून चालायला लाग, आता थांब. चपलावाली माझ्यावर भडकली. “म्हाताऱ्या, तू कुणाच्या बाजूचा?” बऱ्याच दिवसांनी अशी मजा आली.

हे तिला सांगू नकोस. तिला एवढंच सांग, की घरी ये हे माझं म्हणणं कायम आहे. आणि पोस्टकार्डात लिहिलं होतं तशी इथली भिंतीकडची खाट खरंच वारा येणारी आहे.

मामा

किंटाम्पो, १४ फेब्रुवारी

क्वामेना,

तुला एक गोष्ट सांगतो. ती तुझ्या पोटात राहील अशी माझी खात्री नाही, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

टेचिमनला सेर्वा म्हणून एक बाई कंदांचा व्यापार करते. तिच्या अंगणात रिकामी पोती पसरलेली असतात, त्यावर ड्रायव्हर झोपतात, हमाल झोपतात आणि सॅकवालेही झोपतात, कुणाला काही पडत नाही. पोस्टकार्डात तिचं नाव होतं म्हणून मी गेलो. तिने बसायला स्टूल दिलं, कालवणाच्या हातानेच पाणी दिलं आणि पाणी पिऊन होताच शेजारपाजाऱ्यांसमोर विचारलं, काय कारणाने आलात?

मी आयुष्यभर हा प्रश्न विचारलाय. राजांना विचारलाय, मंत्र्यांना विचारलाय, वरात घेऊन आलेल्यांना विचारलाय. मला तो कुणी विचारला नव्हता, कारण मी जातो तेव्हा माझ्याबरोबर छत्र असतं आणि कारण नानांचं असतं. नानांचं काम असं म्हणणार होतो. पण हातात काठी नसलेला ओचामे, चोरच समजले असते मला. तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, “मयताला चाललोय. बोल्गाला. माझा मोठा मामा गेला.”

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझी जीभ तुला ठाऊक आहे. समोर ऐकणारी माणसं दिसली की ती माझी राहत नाही. त्या मामाने मला खांद्यावर बसवून होडीपर्यंत कसं नेलं, दुष्काळात स्वतःच्या ताटातला मासा मला कसा दिला, शेवटी लाटेने त्याला होडीवरून कसं उचललं, सगळं सांगितलं. बायका रडायला लागल्या. हमाल रडायला लागले. खरं सांगतो क्वामेना, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, एवढा चांगला होता तो मामा.

मग काय विचारतोस! एकीने मयताचं लाल-काळं कापड आणून माझ्या खांद्यावर घातलं. एकीने कोंबडी आणून दिली. बोल्गाकडे माल नेणारा एक ड्रायव्हर म्हणाला, “मयताच्या माणसाकडून भाडं घ्यायचं? पुढच्या सीटवर बसायचं, बाबा, माझ्या शेजारी.” आणि सेर्वा पदर खोचून उठली. “मी येते बरोबर. एवढ्या लांब मयताला माणसाने एकट्याने जायचं? आम्ही सगळे काय मेलो?” दुकान तिने बहिणीच्या गळ्यात घातलं.

सकाळी निघालो. पुढे ड्रायव्हर, मध्ये मी, कडेला सेर्वा, मांडीवर कोंबडी. गाव सुटलं तसं ती म्हणाली, “एक विचारू? ते लाटेने गेले म्हणालात.”

“हो.”

“आणि मयत बोल्गाला.”

“हो.”

“बोल्गाला समुद्र कधी आला?”

ड्रायव्हरने गाडीचा वेग कमी केला. मी सुचेल ते सांगायला लागलो, की मामा तिथं कामाला होता, लाट म्हणजे लाट असं नव्हे. सेर्वा माझ्याकडे बघत राहिली. आणि मग सांगितलं. की कुणी मेलेलं नाही. की मुलगी बोल्गाला आहे. की ती वाट मागत होती आणि मी दिली नाही.

आधी ती एवढी हसली की कोंबडी मांडीवरून उडाली. मग एकदम तिचा आवाज चढला.

“अहो, अख्खा माणूस मारलात तुम्ही! जिवंत केलात, त्याला खांदे दिलेत, मासे खायला घातलेत आणि मारलात. आमच्या गल्लीला रडवलंत. पण पोरीची आठवण येते, एवढं काही तुमच्या तोंडातून निघालं नाही?”

“आठवण येते असं मी कुठं म्हटलं?”

“तेच म्हणतेय मी. नाही म्हटलंत.”

किंटाम्पोला ती उतरली. कापड घेतलं आणि कोंबडीही घेतली. “ही मयताची आहे. तुमच्याकडे मयत नाही.” ड्रायव्हरने पुढची सीट काढून घेतली आणि मला मागे कंदांवर बसवलं, अर्ध्या भाड्यात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जाताना तिने भाजलेल्या कंदाचा तुकडा पानात बांधून माझ्या हातात कोंबला आणि म्हणाली, “पोरीला माझा नमस्कार सांगा. माझ्याकडे आली तेव्हा तिनेही पाणी पिऊन कारण सांगितलं होतं. सरळ सांगितलं, बघायला आले. मी म्हटलं, मग बघ बाई, आणि तिला सबंध बाजार फिरवून आणला.”

तिथून थोडं पुढे गाडीचं टायर बसलं. रस्त्यालगतच धबधबा आहे. इतर लोक गेले म्हणून मीही गेलो. मला तिथं काही काम नव्हतं. पाणी वरून खाली पडत होतं, दुसरं काही नाही. ड्रायव्हरने हॉर्न देऊन देऊन बोलावलं तरी मी तिथंच उभा होतो.

यातलं तिला एक अक्षर सांगायचं नाही. घरी ये, हे या खेपेला सांगायचं राहू दे.

मामा

तामाले, १७ फेब्रुवारी

क्वामेना,

तुझा निरोप इथल्या स्टँडवर बोल्गाच्या एका ड्रायव्हरने तोंडी दिला. मान्सा परवा पागाच्या सरहद्दीच्या नाक्यावरून पलीकडे जाणार. दोघा सॅकवाल्यांबरोबर, वागादुगूच्या गाडीने.

तिला थांबव.

नको, थांबवू नकोस. तू थांबवलंस तर ती तू म्हणतोस म्हणून थांबेल आणि मग आयुष्यभर मला ऐकावं लागेल. मी येतोय हेही सांगू नकोस. आणि मी येतोय हे तिला कुणी दुसऱ्याने सांगितलं, तर तू नाही म्हण.

मला भीती कशाची वाटते ते सांगतो. आतापर्यंत ती आपल्याच मुलखात होती. इथं कुणाच्याही अंगणात उतरली तरी कुणीतरी पाणी देतं, आणि तिच्या बापाचं नाव काढलं की कुणाला तरी ते माहीत असतं. पलीकडे भाषा दुसरी, पैसा दुसरा, पोलीस दुसरे. तिथं मुलगी जाणार आणि तिच्या पाठीशी बापाने दिलेली वाट नाही. तू म्हणशील, मामा, ही जुनी समजूत. असेल. माझी भीती काही जुनी नाही, कालचीच आहे.

आज इथून एकही गाडी भरत नाहीये. कंदांची गाडी इथं मोडून पडली, म्हणून दुपारपासून मी एका ट्रोट्रोत बसून आहे. आम्ही चार टाळकी आणि एक शेळी. गाडी भरल्याशिवाय हा हलणार नाही. मी त्याच्या पोऱ्याला म्हणालो, मी ओचामे आहे. तो म्हणाला, “असाल. सीट एकच लागेल ना?” शेवटी मी खाली उतरलो आणि स्वतः ओरडून माणसं गोळा करायला लागलो. बोल्गा, बोल्गा, बोल्गा! नानांच्या सभेत जो आवाज लावतो तो लावला. बायका गाठोडी घेऊन पळत आल्या. पोऱ्या म्हणाला, “बाबा, नोकरी करता का?” गाडी जवळजवळ भरली आहे. तिथं पोचून तिला काय सांगायचं ते अजून जुळत नाही. वाटेत जुळवीन.

मामा

पागा, नाक्याजवळ, १९ फेब्रुवारी

मान्सा,

मध्ये क्वामेना नाही. हे तुला लिहितोय.

मी इथंच आहे. गाड्यांच्या तळावर कडुनिंबाची झाडं आहेत, त्यातल्या शेवटच्या झाडाखाली कोलाची फळं विकणारी बाई आहे, तिच्या मागे. तू गाडीपाशी उभी आहेस. तुझ्या डोक्याला पिवळं फडकं आहे आणि तू बारीक झाली आहेस. गाडी लादायला अजून बराच वेळ लागेल असं दिसतं, शिआच्या बियांच्या लोण्याचे डबे संपतच नाहीत.

मी पुढे येणार नाही असं ठरवलं होतं. कारण सांगतो. वाटभर मी बोलणं जुळवत आलो, आणि फार सुंदर जुळलं. त्यात समुद्र होता, तुझी आई होती, तू लहानपणी माझ्या काठीला धरून उभी राहायला शिकलीस ते होतं. बोल्गाला उतरलो तेव्हा मला कळलं, की हे मी बोललो तर तू परत येशील. मी बोललो की जिंकतो. कचेरीत जिंकतो, सभेत जिंकतो, त्या दिवशी तुझ्याशीही जिंकलो आणि म्हातारे हसले. तुला जिंकून घरी न्यायला मी एवढ्या लांब आलो नव्हतो. म्हणून ठरवलं, लिहायचं, कागद ड्रायव्हरकडे द्यायचा, आणि नाका ओलांडल्यावर तो तुला दे म्हणून सांगायचं.

मघाशी टपावर सामान चढवताना ड्रायव्हरने जास्तीचं भाडं मागितलं ना? त्या लोणीवाल्या बायका आपसांत कुजबुजायला लागल्या, पण बोलेना कुणी. तुझे ते दोन सॅकवाले तर आकाशाकडे बघत होते. मग तू पुढे झालीस.

“दादा, या बायका म्हणतात, गेल्या बाजाराला तुम्ही डब्याचं काही घेतलं नाही.”

“बायका कुठं काय म्हणाल्या? तूच बोलतेयस. तू यांची कोण?”

“यांचं तोंड. यांचं असंही म्हणणं आहे, की तुम्ही या रस्त्यावरचे सगळ्यात भले ड्रायव्हर, म्हणून त्या दुसऱ्या गाडीला हात करत नाहीत.”

“त्या असं म्हणाल्या?”

“मनात म्हणाल्या. मी मोठ्याने सांगितलं.”

तळावरची माणसं हसली, तो ड्रायव्हरही हसला, आणि डबे फुकट चढले. मी झाडाच्या बुंध्याला हात टेकून उभा होतो. मनातलं मोठ्याने सांगितलं! ही विद्या मी तुला दिली नव्हती, मान्सा. आपल्यात बापाचं काही मुलीकडे जात नाही. घर जात नाही, काठी जात नाही, ती सगळी बहिणीच्या मुलाची, क्वामेनाची. पण रक्त आईचं आणि जीव बापाचा, हेही आपल्यातच म्हणतात. मी ते लग्नाकार्यात शेकडो वेळा बोललोय, छान वाटतं म्हणून. आज पाहिलं. मला वाटत होतं तुझ्या तोंडात कारण नाही. तुझ्या तोंडात काय काय आहे ते मला ठाऊकच नव्हतं.

इथं थांबावं लागलं. एक पाणीवाली आली, थंड पाण्याची पिशवी माझ्यासमोर धरून.

मी म्हटलं, “मी मागितलं नाही.”

“ठाऊक आहे. त्या पिवळ्या फडक्यावालीने पाठवलंय. पैसे दिलेत तिने.”

“काही म्हणाली?”

“नाही. म्हणाली, म्हाताऱ्याला पाणी दे. बस.”

मी मान वर केली तर तू पाठमोरी होतीस, दोरी आवळत होतीस. कधी पाहिलंस मला? क्वामेनाच्या पोटात काही राहत नाही, मी त्याला म्हटलंच होतं. का मी टेचिमनला कुणाला मारला तेही तुला कळलंय? कळलं असणार. तुझे खांदे हलत होते. तू रडत होतीस का हसत होतीस, पाठीवरून मला कळलं नाही. तुझ्या बापाला सगळ्यांचं कळतं म्हणतात.

पाणी प्यायलो. पाणी पिऊन झाल्यावर आलेल्याला काय विचारतात ते मला कुणी सांगायला नको. तू विचारलंस. आता मला उत्तर द्यायला हवं, आणि या खेपेला सजवायचं नाही.

इथं सगळं शांत आहे. चालत आलो तो मी. घरून निघालो, कुमासीला खाटेवर झोपलो, टेचिमनला पोत्यावर झोपलो, कंदांवर बसून उत्तरेला आलो, तामालेत माणसं गोळा केली. कारण एवढंच, की मला तुझी आठवण येते. तू गेल्यावर घर बंद पडलं असं नाही, सगळं चालतं. तुझी आई गाते, मासळी येते, सभा भरतात. मला चालत नाही. सभेत बोलताना मी अजून दाराशी बघतो, तू उंबऱ्यावर बसून ऐकतेयस का म्हणून.

झालं. एवढंच आणलंय.

आता तू मागितली होतीस ती वाट. ती देतो. बापाने दिली, रीतसर दिली, आता नाक्यावर कुणी विचारलं तर मान वर करून सांग. पण सगळी देत नाही. सगळी वाट कुणाला देतात का आपल्यात? पाहुणा उठला की त्याला अर्धीच देतात, उरलेली घरच्याकडे राहते, म्हणजे ती न्यायला त्याला पुन्हा यावं लागतं. तेव्हा अर्धी घे. वागादुगू बघ, पुढे काय असेल ते बघ. उरलेली अर्धी मी जपून ठेवतो आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायचा मला अधिकार नाही.

कागद ड्रायव्हरकडे देत नाही. पाणी पाठवलंस, आता झाडामागे बसणं शोभत नाही. उठतो. सॅकचा पट्टा पुन्हा सुटलाय, तो तू बांधून दे. मी तुझ्यासमोर येईन, हा कागद तुझ्या हातात देईन, आणि तू शेवटपर्यंत वाचून होईस्तोवर तोंड उघडणार नाही. मला ते जमणार नाही असं तुला वाटत असेल. मलाही वाटतंय. तरी लवकर वाच.

एग्या